हात कानाला

सोलकर आले तेव्हा मगरिबची अजान होऊन गेली होती.
शारजा, रोलाच्या मागची गल्ली,
आमच्या टायपिंग सेंटरचा एसी
बादलीत ठिबकत होता.

हमरियाच्या गोदीत एकतीस वर्षं लेथवर.
लोखंडाचा नुसता आवाज ऐकून सांगतात
अजून किती सूत उतरायचं राहिलंय.
खिशात घडी केलेलं पत्र:
आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभारी आहोत,
कंपनीला यापुढे तरुण मनुष्यबळाची गरज आहे.
म्हणाले, "ह्याच्यावर तक्रार लिहायची. अरबीत. पक्की."

मी कायद्याचं कलम उघडलं.
भेदभाव करता येणार नाही, असं स्वच्छ लिहिलंय:
वंश, रंग, लिंग, धर्म,
राष्ट्रीय वा सामाजिक मूळ, अपंगत्व.
सुपातल्या तांदळात खडा शोधावा
तसं बोट फिरवलं एकेका शब्दावरून,
स्वल्पविरामांच्या मागेही बघितलं.
वय नव्हतं.

"नाही?"
"नाही. पण नोटिशीचे दिवस, ग्रॅच्युइटी,
काढण्याचं कारण कामाशी निगडित नाही, एवढं लिहू."
"म्हणजे हिशोब मिळेल."
"हिशोब मिळेल."
त्यांनी मान हलवली,
न परवडणारा भाव गिऱ्हाइकाने मान्य करावा तशी.

मग फॉर्म.
शरफुद्दीन हसन सोलकर.
जन्मतारीख, एक जून चौसष्ट.
मला हसू आलं. माझीही एक जून.
ह्या खुर्चीत बसून किती एक जून टाइप केल्या,
दाभोळच्या, म्हसळ्याच्या, बाणकोटच्या,
जणू अख्खा किनारा
एकाच दिवशी बाळंत झाला होता.

"आई सांगायची, खाडीत होडी उलटली त्या थंडीतला मी.
म्हणजे दोन वर्षं मागून.
पण शाळेत भुकटीचं दूध मिळायचं.
आंबेर्डेकर मास्तर म्हणाले, डोक्यावरून हात घे, पलीकडचा कान पकड.
पोचेना.
मास्तरांनीच हळूच माझी मान वाकवली.
लागला हात. सहा वर्षं पूर्ण."
जरा थांबून म्हणाले,
"त्या दुधाचे पैसे आता कापले."

काउंटरवरचा निषाद, तेवीस वर्षांचा, मलप्पुरमचा,
त्याला मराठी कळत नाही.
पण सोलकरांनी उजवा हात उचलला,
पांढऱ्या केसांवरून पलीकडे नेला
आणि डावा कान धरला
तेव्हा त्याने प्रिंटर थांबवला.
खांद्यात काहीतरी कटकन वाजलं.
हात पोचला. पाळीच्या खाली, पार मानेपर्यंत पोचला.
"लिही," ते म्हणाले, तसेच, कान धरून,
"लिही, की मान वाकवली नाही."

असा रकाना नाही.
खाली इतर माहितीसाठी दोन ओळींची जागा होती,
तिथे टाकलं: अर्जदार काम करण्यास समर्थ आहे.
अरबीत ते वाक्य फारच लहान दिसलं.

पस्तीस दिरहम झाले.
नको म्हणालो, तर रागावले.
सुटे परत घ्यायला हात पुढे केला
तेव्हा तळव्यात दिसला
लोखंडाचा कीस रुतून राहिलेला
एक निळसर ठिपका.
कधीचा, कोण जाणे.
त्यावर तारीख नव्हती.