अर्धा तास

मला पगार मिळतो तो बघण्याचा.
जहाजाच्या तिसऱ्या मजल्यावर, कठड्याशी,
गळ्यात दुर्बीण, मुठीत घड्याळ,
समोर चांगह्वाचा समुद्र,
कालच्या उरलेल्या चहासारखा गढूळ.

नियम सोपा आहे.
सलग अर्धा तास एकही डॉल्फिन दिसता कामा नये,
मगच हातोडा पडेल.
दिसला, की घड्याळ पुन्हा शून्यावर.

पाठीमागे क्रेनच्या जबड्यात खांब उभा आहे,
ऐंशी मीटर लोखंड,
आत बैलगाडी सहज वळेल एवढा रुंद.
मला बैलगाडीच सुचते.
आमच्या फांगयुआनला ओहोटीच्या चिखलातून
कालवं आणायला अजून बैल जातात,
पोटापर्यंत पाण्यात,
आणि भरतीची वेळ माणसांआधी त्यांना कळते.

जहाजाचं एका दिवसाचं भाडं किती,
ते क्रेनवाल्या विब्रनने सांगितलं,
वाईट हेतूने नव्हे, जेवताना, मीठ मागता मागता.
भागाकार माझा:
अपाची बत्तीस वर्षांची कालवं.
तेव्हापासून प्रत्येक मिनिट मला ऐकू येतं.
शंभर माणसं मला पाण्यात पाहतात
आणि मी पाण्याला.

किती उरलेत? कोणी साठ म्हणतं, कोणी पन्नास.
म्हातारे होता होता गुलाबी पडतात.
आमच्याकडे त्यांना मात्सूचा मासा म्हणतात,
तिसऱ्या महिन्यात, देवीच्या वाढदिवसाला
किनाऱ्याशी येतात म्हणून.
मी सहा वर्षांची असताना अपाने एक दाखवला होता.
तो बघ, तो बघ, म्हणत होता.
मला दिसला नाही.
मी हो म्हटलं.
आता त्याच डोळ्यांवर एवढी मोठी कंपनी विसंबून आहे.

भरपाईच्या कागदावर सही केल्यावर
अपा तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी नवा फ्रीज आला.
रात्री त्याची घरघर ऐकत त्याने विचारलं,
ही वाऱ्याची वीज याच्यात येणार का?
येईल थोडी, मी म्हटलं.
बरं, म्हणजे कालवं टिकतील.
मग बराच वेळ गेला.
असली तर.

आज पहाटे पाच पन्नासला सुरुवात.
वारा अजून झोपलेला.
आठवडाभरात उत्तरेकडून सुटेल, मग मार्चपर्यंत
इथे कोणाला उभं राहू देणार नाही.
ज्याच्यासाठी एवढा खटाटोप,
त्याचीच सगळ्यांना भीती.

सव्विसावं मिनिट.
डावीकडे, चारशे मीटरवर,
काहीतरी गुलाबट वर आलं, कलंडलं, गेलं.

थांबा.
रेडिओवर माझा आवाज माझ्याआधी पोचला.
हातोडा जिथल्या तिथे.
कोणीतरी डच भाषेत काहीतरी म्हणालं,
ज्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

मग ते हळूहळू जहाजाच्या कडेला आलं.
थर्मोकोलचा ठोकळा,
उन्हापावसाने विटून गुलाबी झालेला,
शेपटीला निळी दोरी,
दोरीला डावखुऱ्या माणसाने मारलेली गाठ.
ती गाठ मी ओळखते.
माझ्या शाळेच्या डब्यावर तीच असायची.

वहीत रकाने आहेत:
वेळ, अंतर, जात, संख्या, खात्री.
मी लिहिलं, खात्री नाही.
खात्री नसली तरी घड्याळ शून्यावर जातं.

लबाडी असेल.
पण त्या अर्ध्या तासात
समुद्राखाली कोणी काही ठोकत नव्हतं.
विब्रन केबिनमधून उतरून सिगारेट न पेटवता उभा राहिला.
एक बगळा क्रेनच्या टोकावर बसला, उडाला.
पाण्यात खरंच कोणी होतं का,
आपल्या पिल्लाला हाक मारून घेऊन गेलं का,
मला माहीत नाही. त्याला रकाना नाही.

सहा सेहेचाळीसला पहिला घाव.
नियमाप्रमाणे हलका, मग वाढत वाढत.
तो कानांत येत नाही, टाचांतून येतो.
माझ्या कपात वर्तुळं उठली.

दुपारी फोनवर अपाचा निरोप:
एक बोया सुटून वाहत गेलाय.
दिसला तर सांग.

मी अजून उत्तर दिलेलं नाही.