नवव्या नळीचा डाग

बाहेर शेहेचाळीस.
आत, इन्क्यूबेटरच्या काचेमागे, सदतीस.
जंतूंची सोय आपल्याहून बरी,
असं ठवरे रोज म्हणतो आणि रोज एकटाच हसतो.

चिमट्यात धरलेली नळी
साबुदाण्याहून लहान, मधोमध छिद्र.
मेडिकल चौकात कुणा पोराच्या कानाच्या पडद्यात
अशीच एक बसवतात,
आतलं पाणी निघावं, बाहेरची हवा शिरावी म्हणून.
मग कधी तिच्यावर साय धरते.
साय कसली, घरं बांधून राहिलेली वस्ती;
औषधाचे थेंब वरच्या वर ओघळतात
टिनावरून पाणी जावं तसे.

म्हणून इतवारीत गेले होते,
अत्तरवाल्याच्या बाजूच्या बोळात.
ओव्याचं तेल मागितलं.
"दाताले का गुडघ्याले, ताई?"
म्हटलं, कानाले.
त्यानं बाटली परत आपल्याकडे ओढली.
"कानात तेल नाही टाकत, बाप्पा."

माझ्या आईनं टाकलं होतं.
लसूण कढवून, कोमट, चमचाभर.
मी पाच वर्षांची, डावा कान वाहत होता.
पडद्याला भोक होतं हे तिला कोण सांगणार?
उमरेडला कानाचा डॉक्टर बुधवारी यायचा
आणि तो शुक्रवार होता.

एक ते तीन: नुसत्या नळ्या.
चार ते सहा: तिळाचं तेल.
सात ते नऊ: ओव्याचं, हजारात दोन भाग.
चोवीस तास. धुवायचं, जांभळा रंग, पुन्हा धुवायचं.
पहिल्या तिन्ही जांभळं खाल्लेल्या जिभांसारख्या.
तिळाच्याही तशाच.
सातवी जवळजवळ पांढरी. आठवी पण.
नववीच्या कडेला एक डाग.
दुप्पट तेलात डागही गेला,
आणि शेजारच्या बशीतल्या कातडीच्या पेशीही गेल्या.
मॅडमनी वहीत लाल शाईनं लिहिलं: घाई नको.

संध्याकाळी आईचा फोन.
"काय करून राहिली?"
सवयीनं उजव्या कानाला लावला.
सांगितलं, नळ्यांना ओव्याचं तेल लावून पाहतेय.
ती गप्प. मागे तिच्या कूलरची घरघर.
"मी लसूण घातला होता."
हो.
"ओवा घालाले पाहिजे होता का?"

मी नववी उजेडात धरली, फिरवली.
नाही गं, म्हटलं,
तेव्हा काहीच घालायला नको होतं.

पुढे ती बराच वेळ बोलत होती.
फोन डाव्या कानाला होता.