चौदा मिलिमीटर

तिच्या डाव्या मनगटात दोन स्क्रू आहेत,
सिव्हिलला बसवलेले.
"क्लच दाबता येईल का?" तिनं विचारलं.
डॉक्टर हसले.
ती नाही.

गिरणाऱ्याच्या पलीकडे सहा पाड्यांवर
लसींचा डबा पोचवायचा असतो सुलभाला.
बस सकाळी एक, तीही मर्जीची.

मी सातपूरला लेथवर, तीस वर्षं.
मायक्रॉन लगेच कळतात मला,
माणसं जरा उशिरा.

शनिवारी रात्री पल्सरची केबल काढून
खिळ्याला टांगली,
वरच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी बांधून
तीत ऑइल ओतलं.
थेंब थेंब उतरत राहिलं डालड्याच्या डब्यात,
आधी काळं,
पहाटे मधाच्या रंगाचं.

मग क्लचचा आर्म.
भंगारातल्या पट्टीतून नवा घडवला,
चौदा मिलिमीटर लांब.
तरफेचा हिशोब, सातवीतलाच.

सोमवारी तिनं लिव्हर दाबली:
"अगंबाई, लोणी!"
आणि आयटीआय सिग्नलला
गाडी पहिल्यातच अडकली. न्यूट्रल सापडेना.
मागं द्राक्षांच्या क्रेटचा टेम्पो,
भोंग्यावर भोंगा.

संध्याकाळी हेल्मेट ओट्यावर ठेवत म्हणाली,
"हलका केलात हो,
पण पुरता सुटत नाही."

बरोबरच होतं.
हाताला जेवढं सोपं,
तेवढ्या आत प्लेटा कमी सरकणार.
लोखंडसुद्धा फुकट काही देत नाही.

पुन्हा व्हाइस, पुन्हा ड्रिल.
नवं भोक सहावर.
गिअरच्या रॉडचे झिजलेले सांधे बदलले,
पेडल अर्ध्या फेऱ्यानं खाली घेतलं
तिच्या बुटाच्या हिशोबानं.
बुटाचं माप विचारावं लागलं,
लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर.

बुधवारी ती निघाली.
मी फाटकाशी चहाचा कप धरून, कान रस्त्याला.
पहिला, खाली. ऐकू आला.
दुसरा गतिरोधकानंतर.
तिसरा पिठाच्या गिरणीपाशी पडायला हवा,
ते 'खटॅक' मला घरात बसून ओळखता येतं.
थांबलो.
आलंच नाही.
चहावर साय धरली तेव्हा लक्षात आलं,
ती केव्हाच त्र्यंबक रोडला लागली असणार.

आर्मवर चौदाचं भोक अजून आहे, रिकामं.
बुजवलं नाही.
डिसेंबरात इथं पारा उतरतो,
मनगट दुखलंच एखाद्या सकाळी,
तर असू दे.