सोळा जीबी

मे महिना, स्कूटीची डिक्की.
तीन दुपारी पेन ड्राइव्ह तिथंच राहिला.

बर्डीच्या तळघरातल्या दुकानात गजभिये
तो लावतो, काढतो, फुंकर मारतो,
पुन्हा लावतो.
"दुसरीकडे कुठं टाकून नव्हतं ठेवलं काय, ताई?"

कूलरमध्ये पाणी भर, मोटर जळेल,
असं बाबा रोज फोनवर सांगायचे;
ती सत्तावीस रेकॉर्डिंग यात होती.
बाकी काय, पॅनकार्ड, सातबारा,
कुणाच्या तरी बारशाचे फोटो.

पडदा अदबीनं विचारतो:
फॉरमॅट करायचं?
मी नाही म्हणते.
तो परत विचारतो.

घरी कूलरच्या पत्र्यावर
बाबांनी खिळ्यानं खरडलेलं आहे,
गंज चढलाय, पण वाचता येतं:
पंप बदलला. १२ मे.

साल लिहिलेलं नाही.