पहाटे तीन बारा

बुरुलचा आपा खिडकीशी येते, हातमोजा काढते
आणि तळहातावर पेनाने लिहिलेला नंबर पुढे धरते.
दोन अक्षरं, नऊ आकडे, पुन्हा दोन अक्षरं.
मला केव्हाच पाठ झालाय,
तरी तिचा हात पाहिल्यावाचून मी टाइप करत नाही.
तिला ते चालत नाही.

पार्सलात काय, तर सुया.
विणकामयंत्राच्या चाळीस सुया, यीवूच्या कुठल्याशा गोदामातून.
यीवू चीनमध्ये. आणि चीन म्हणजे
नारीनच्या या पोस्टातून दिसणाऱ्या पांढऱ्या डोंगरांच्या
पाठीमागे.
म्हणजे काखेत कळसा.
वळसा मात्र विमानाने, मॉस्कोवरून.

"वाच," ती म्हणते.
मी वाचते:
गोदामातून रवाना.
निर्यात तपासणी पूर्ण.
विमान कंपनीच्या ताब्यात.

मग अकरा दिवस काही नाही.
अकरा दिवस मी तीच ओळ वाचली
आणि तिने ती दरवेळी नवी असल्यासारखी ऐकली.
एकदा फक्त विचारलं,
"विमानाला इतके दिवस वर राहता येतं?"

बाराव्या दिवशी:
मॉस्को. वर्गीकरण केंद्र. पहाटे ३:१२.

आपाने काउंटरची कड धरली.
"हे तीन बारा कोणी लिहिलं?"
मशीन लिहितं, मी म्हटलं.
"मशीन कोणाच्या तरी हातात असेल ना?"

तिचा एरमेक तिथेच आहे, रात्रपाळीला.
तीन वर्षं झाली.
त्याला नंबर नाही.
तो कुठवर पोचला, कुठल्या फाटकावर
कागद तपासायला थांबवलाय,
हे मी कुठे टाइप करून बघू?

तिने माझ्याच फोनवरून त्याला लावला.
तो हसला, झोपेतून ओढून काढलेलं हसू.
"आई, रात्रीला साठ हजार खोकी येतात.
आणि मी पट्ट्यावर नसतो गं, गोण्या उचलतो.
नावं दिसत नाहीत."
"तीन बाराला जागा होतास?"
"...होतो."
"मग झालं तर."

मंगळवारी पार्सल आलं.
मला त्याच संध्याकाळी 'ग्राहकास सुपूर्द' दाबावं लागलं,
नाहीतर बिश्केकहून साहेबांचा फोन येतो.
यंत्राच्या लेखी प्रवास संपला.
आपा तर अत-बाशीला बहिणीकडे,
मधली खिंड बर्फाने बंद.
तीन दिवस ते खोकं माझ्या खणात होतं,
शिक्के आणि जेवणाचा डबा यांच्या मध्ये,
जगातल्या कुठल्याच पडद्यावर नसलेलं.
मी अधूनमधून खण उघडून बघायचे.
कारण काही नाही.

शुक्रवारी मेंढ्यांच्या ट्रकमधून ती आली,
अंगाला लोकरीचा ओला वास.
खोकं जेमतेम वीतभर. एक कोपरा चेपलेला,
त्यावर कोणीतरी मागाहून लावलेली निळी चिकटपट्टी,
घाईत, दातांनी तोडल्यासारखी.

सुया तिने मोजल्या नाहीत. मी मोजल्या: एकोणचाळीस.
तक्रार नोंदवू का, मी विचारलं.
ती नखाने चिकटपट्टीचं टोक उचलत होती,
सावकाश, फाटू नये म्हणून.

"त्याला लहानपणापासून," ती म्हणाली,
"कात्री कधी सापडतच नाही."