आवाज दुसऱ्या वाटेने जातो

पूर्वी एकाच तारेवर दोन्ही चालायचं,
बोलणंही आणि बोलण्याची व्यवस्थाही.
एक्स्चेंजं एकमेकांना शिट्ट्या घालायची
आणि एखादं टारगट पोरगं तोंडाने तीच शिट्टी घालून
हेलसिंकीपर्यंत फुकट जायचं.
म्हणून वाटा वेगळ्या केल्या.

आता वर्दी आधी निघते, स्वतःच्या रस्त्याने:
अमक्याला तमका हवाय, एकतीस नंबरची लाइन राखून ठेव.
मध्ये नाकी लागतात, जोडीजोडीने बांधलेली,
एक मेलं तर दुसरं जागं असावं म्हणून.
नाक्यावरचा पाकीट फोडत नाही,
पत्ता बघतो, पुढे ढकलतो.
पलीकडून येतं: मिळाला, वाजतोय.
मग: उचलला.
शेवटी: सोड.
आणि त्यावर: सोडली.
ही पोच आल्याशिवाय लाइन मोकळी धरत नाहीत.
माझ्या घटस्फोटात एवढी शिस्त नव्हती.

आणि काहीच सांगायचं नसतं तेव्हा?
तेव्हाही दोन्ही टोकं कोरे सांगावे धाडत राहतात,
सेकंदाला शेकडो,
आहे आहे आहे आहे.
अबोला धरला की लिंक मेली समजतात.

मी कायानीत, रात्रपाळीला. बाहेर उणे एकोणतीस.
पेन्त्तीने यादी दिली होती:
वाजतात पण उचलले जात नाहीत असे कॉल,
लाइन अडवतात, पैसा देत नाहीत, कारण शोध.
यादीत एक जोडी रोजची. रात्री नऊ.
सरोवराच्या उत्तर काठावरून दक्षिण काठाला.
वर्दी. वाजतोय. पंधरा सेकंद. सोड. सोडली.
तीन वर्षांच्या नोंदी उपसल्या,
'उचलला' एकदाही नाही.

नावं बघायची परवानगी नव्हती. बघितली.
नीलो कोमुलाइनेन. लेम्पी कोमुलाइनेन.
भाऊ एकोणऐंशीचा, बहीण एक्क्याऐंशीची.
तीन घंट्या म्हणजे: जेवलो, चूल विझवली, आज मेलो नाही.
बिल शून्य.
आमच्या अख्ख्या यंत्रणेत ही दोघं
पाकिटात कधी काही घालतच नव्हती,
वरच्या पत्त्यावर भागवत होती.

पेन्त्तीला म्हटलं, कारण सापडत नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी नऊ वाजले.
नऊ पाच.
नऊ बारा.
लिंक ठीक होती, दोनदा तपासली,
आहे आहे आहे.
नऊ सतराला मी टेस्टिंगचा फोन उचलला
(नियम मला पाठ आहेत)
आणि दक्षिण काठाचा नंबर फिरवला.
तीन घंट्या देऊन ठेवणार होते.
म्हातारी झोपेल तरी.
त्या पोराचीच शिट्टी, दुसरं काय.

पहिली घंटा पुरी वाजली नाही.
उचलला.
"नीलो?"

माझ्याकडे द्यायला कोरा सांगावासुद्धा नव्हता.
तिचा श्वास, मागे भिंतीवरचं घड्याळ,
आणि तेवढ्यात पडद्यावर
उत्तर काठावरून वर्दी. नऊ अठरा. तोच नंबर.
उलट गेलं: एंगेज.

तीन वर्षांत पहिल्यांदा म्हाताऱ्याला एंगेज मिळाला,
आणि तिथे मी बसले होते.
"राँग नंबर," म्हणाले, ठेवला.
सोड. सोडली.

अकरा सेकंद काही नाही.
मग वर्दी. वाजतोय.
एक.
दोन.
तीन. आता ठेवेल.
चार.

उचलला.

नऊ एकोणीसपासून दहा चाळीसपर्यंत ती लाइन गुंतलेली होती.
उशीर का झाला, सरपण संपलं होतं की पाय घसरला,
कोण कोणावर ओरडलं, मला काय ठाऊक.
आवाज दुसऱ्या वाटेने जातो.
मी कॉफी केली, ती गार झाली, तशीच प्यायले.

बुधवारी नऊ वाजता:
वर्दी. वाजतोय.
पंधरा सेकंद.
सोड.
सोडली.