अजून आठवडाभर

पहिल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांनी प्लंबरला बोलावलं.
रेक्याविकच्या नळाला जमिनीतून कढत पाणी येतं,
त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो,
तो मात्र इथे कुणाच्याच नाकाला लागत नाही.
प्लंबर गुडघ्यांवर बसून मजल्यामजल्यावर
मोऱ्या हुंगत वर आला.
मी दारात, हातात पळी,
मागे शेगडीवर छंगुकचांग रटरटतंय –
तारा सुटेपर्यंत आंबवलेलं सोयाबीन, आईच्या हातचं,
तीन पिशव्यांत गुंडाळून आणलेलं.
त्यानं पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि कागदावर लिहिलं :
गटार ठीक आहे.

मासळीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीला
हाल्डोरानं विचारलं, तू कार्बन पेपर खातेस?
एविन्दुरनं किमचीचं एक पान
दोन बोटांत उचललं,
तान्ह्याचं दुपटं उचलावं तसं.
चावला. कान लाल झाले.
'वेगळंच आहे हं,' म्हणाला.

त्या 'हं'वर मी त्यांची भाषा शिकले.
नको, आत्ताच खाल्लं, पोट बरं नाही,
थोडंसंच, अगं थोडंसंच –
माझे पहिले धडे.

मग मी रात्री दोनला रांधू लागले,
दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून.
किमचीचा डबा बाल्कनीत, बर्फात पुरलेला.
आई फोनवर विचारायची, नीट जेवतेस ना?
जेवते की. मासे, बटाटे.

आणि तेवीस डिसेंबरला
पाळी संपवून आले, जिन्याचं दार उघडलं
तर डोळ्यांतून घळाघळा पाणी.
अमोनिया.
भिंतीवर चिठ्ठी, तिसऱ्या मजल्यावरच्या स्टेनुनची :
'माफ करा. वर्षातून एकदाच. आमच्या पश्चिम किनाऱ्याची रीत.'
माणसं नाकाला मफलर लावून खाली पळत होती.
माझं नाक मात्र
मला मागे टाकून वर निघालं होतं,
तीन तीन पायऱ्या एकदम चढत,
मोक्पोच्या धक्क्यावर, धाकट्या काकाच्या लग्नात,
पेंढ्यात मुरवलेल्या पाकटाच्या मडक्यापाशी.
आमच्याकडे म्हणतात,
पाकट नसेल तर ते कसलं जेवण.

स्टेनुननं दार उघडलं, ओशाळली.
मी बोट दाखवून म्हटलं, मला.

टेबलाशी आठ जण. पाकट, उकडलेले बटाटे,
वितळलेली मेंढीची चरबी.
सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले.
ती नजर माझ्या ओळखीची होती,
ताट पुढे करून मीही तशीच उभी राहिले आहे,
कितीदा.

घास घेतला. बापानं शिकवलं होतं तसा
श्वास नाकानं आत, तोंडानं बाहेर.
टाळू जळाली, नाक लख्ख मोकळं झालं.
चावत राहिले.
कुणीतरी पाण्याचा ग्लास सरकवला.

'अजून आठवडाभर मुरायला हवं होतं.'

घड्याळ ऐकू येईल इतकं शांत.
मग कोपऱ्यातून, गुडघ्यांवर घोंगडी घेतलेले
स्टेनुनचे नव्वदीचे मामा अस्ग्रिमुर ओरडले,
'सकाळपासून मी दुसरं काय सांगतोय!'

मी वर धावले. बर्फ उकरून डबा काढला.
डुकराचं उकडलेलं मांस होतं, तेही घेतलं.
मामांना पाकटाखाली मांस, वर जुनी किमची
असा घास करून दिला, तिन्ही एकदम.
ते खोकले, टेबल बडवलं, दुसरा मागितला.
स्टेनुननं टोकानं चाखलं.
'वेगळंच आहे हं,' म्हणाली,
आणि स्वतःच हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये
शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.
मी खिडकीकडे तोंड केलं
आणि कोटाची बाही
हळूच नाकाशी नेली.